मॅपचा आकडा काय सांगतो?

आपल्या उलव्यात कुणाची शाळेची व्हॅन आहे, कुठे गटाने मिळून गाडी घेतली आहे. गाडी गॅरेजला गेली की मिस्त्री स्कॅनर जोडतो आणि म्हणतो, “ताई, मॅपचं रीडिंग जास्त आहे, सेन्सर बदलावा लागेल.” आपण मान डोलावतो, आणि पैसे जातात बचतीच्या डब्यातून. म्हणून आज हा आकडा समजून घेऊ.

शहाळ्याचं पाणी ओढताना स्ट्रॉ खाली चिमटीत धरून बघा. वरची स्ट्रॉ आत चपटी होते, कारण आपण ओढतोय पण खालून पुरेसं येत नाही. पेट्रोल किंवा सीएनजी इंजिनात असंच होतं. हवेच्या वाटेवर एक झडप असते, ती ॲक्सिलरेटरने उघडते. झडपेपुढे, जिथून हवा सगळ्या सिलिंडरांत वाटली जाते, तो मॅनिफोल्ड. पाय काढला की झडप जवळजवळ मिटते, पिस्टन मात्र ओढतच राहतात. मग तिथला दाब उतरतो. तो मोजतो मॅप सेन्सर, आणि त्यावरून इंधन किती सोडायचं ते गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो.

आधी नुसती चावी फिरवायला सांगा, इंजिन बंदच. आता दिसतो तो बाहेरच्या हवेचा दाब. उलवे खाडीकाठचं, म्हणून इथे साधारण १०० किलोपास्कल हवेत. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर. तिथे हीच गाडी ८६ च्या आसपास दाखवील, तो बिघाड नव्हे. पण इथेच ७० दिसले तर सेन्सरवर किंवा त्याच्या वायरीवर संशय घ्यावा.

मग इंजिन सुरू करून गरम होऊ द्या. एसी बंद, गाडी न्यूट्रलवर. बहुतेक गाड्यांत ३० ते ४० दिसतात. बंद इंजिनावर १०० बरोबर होते आणि आता ५५-६० आले, तर सेन्सर बहुधा खरंच बोलतोय! हवा चोरवाटेने शिरत असेल: चिरलेली रबरी नळी, सैल क्लॅम्प, गेलेलं गॅस्केट. बारीक फुसफुसही ऐकू येते. व्हॉल्व्हचं टायमिंग चुकलं तरी आकडा चढतो. तेव्हा “दादा, आधी नळ्या बघा” एवढं म्हणायला बिचकू नका. स्वतः वाकून बघणार असाल तर पदर, ओढणी खोचून घ्या. पंख्याजवळ हात नको.

जुने मिस्त्री घड्याळासारखा व्हॅक्यूम गेज लावतात. त्याचा हिशेब उलटा. तिथे १८ ते २१ इंच म्हणजे ओढ चांगली, गळती असली की काटा खाली येतो.

डिझेल टेम्पोला मात्र यातलं काही लावू नका. त्याची हवा सहसा अशी अडवलेली नसते, म्हणून न्यूट्रलवरही आकडा १०० च्या जवळपास राहतो. टर्बो असेल तर भार घेऊन चढ चढताना तो १०० च्या बराच वर जातो.