मुक्कामाची उंची

किलिमांजारोला जायचे ठरवलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो बुटांचा. मग थर्मलचा, स्लीपिंग बॅगचा आणि रोज किती किलोमीटर चालायचा सराव करावा याचा. रात्री किती काढायच्या आणि त्यातली प्रत्येक रात्र किती उंचीवर, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. ते पत्रकात छापलेलेच असते आणि आपण ते रेल्वेच्या वेळापत्रकासारखे मान्य करून टाकतो. वैद्यकाची पदवी नसताना मी काही वर्षे उंचीच्या आजाराचा इतिहास वाचत आलो आहे. त्या वाचनातून माझे मत असे बनले आहे की, अशा मोहिमेची खरी आखणी म्हणजे मुक्कामांच्या उंचीचा हिशेब. बाकी सारी खरेदी.

पर्वत टांझानियात, विषुववृत्ताच्या थोडा दक्षिणेला. शिखराची उंची ५,८९५ मीटर. तिथल्या हवेतही प्राणवायूचे प्रमाण २१ टक्केच असते, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा, म्हणून एका श्वासात मिळणारा प्राणवायूही तेवढाच कमी. दोष दाबाचा आहे, हे पॉल बेर या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने प्रयोगांनी दाखवले आणि १८७८ मध्ये ग्रंथरूपाने मांडले.

शरीर यावर काय करते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण दिवसांचा सगळा हिशेब तिथूनच निघतो. प्राणवायू कमी पडला की श्वास वाढतो. श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि रक्त अल्कधर्मी होते. हे मेंदूला खपत नाही. तो श्वासाला लगाम घालतो. ही ओढाताण झोपेत जास्त जाणवते. श्वास काही क्षण थांबतो, मग धापेसारखा सुरू होतो आणि तंबूतला शेजारी घाबरून उठतो. लगाम सैल करण्याचे काम मूत्रपिंडांचे. ती रक्तातले बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकतात, आणि या कामाला काही दिवस लागतात. तिथे घाई चालत नाही. ‘उंचीवर रक्त वाढते’ असे आपल्याकडे सांगतात. ते खरे असले तरी तांबड्या पेशींची भरीव वाढ व्हायला आठवडे लागतात, आठवड्याच्या मोहिमेत तिचा भरवसा धरता येत नाही. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध मूत्रपिंडांच्या याच कामाला हातभार लावते. सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आणि खरे तर सगळ्यांनीच ते डॉक्टरांना विचारून घ्यावे. बोटांना मुंग्या येतात, त्याला भिऊ नये.

या सगळ्याशी दमसासाचा संबंध फार थोडा आहे. सह्याद्रीत वाढलेल्या ट्रेकरला हे पटवणे अवघड जाते, कारण त्याचा आजवरचा अनुभव उलटा असतो: जो दमदार, तो वर. पण आपले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. किलिमांजारोच्या मारांगू वाटेवरची पहिली झोपडीच त्याहून हजार मीटर वर आहे. १९६२ च्या चीन युद्धाच्या सुमारास आणि नंतर सपाटीवरच्या जवानांना झपाट्याने हिमालयात न्यावे लागले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ सैनिकांच्या आजाराचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. उंचीच्या आजारावर जगात जे लिहिले गेले, त्यात हा लेख आजही पायाभूत मानतात. आजारी पडलेली ही माणसे कमकुवत नव्हती, सैन्यातली होती. नेपाळमध्ये फेरिचे इथे हॅकेट आणि रेनी यांनी २७८ पदभ्रमणकर्ते तपासले (१९७६). त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना त्रास झालेला होता, आणि विमानाने लुक्लाला उतरून निघालेल्यांत त्याचे प्रमाण खालून चालत आलेल्यांपेक्षा जास्त होते. चालण्यात वाचवलेले दिवस असे वसूल होतात.

आता पत्रक हातात घ्या आणि पेन्सिलीने समासात फक्त झोपण्याच्या उंच्या लिहा. मारांगूची पाच दिवसांची योजना: मंदारा सुमारे २,७००, होरोंबो ३,७००, किबो ४,७००, आणि त्याच मध्यरात्री शिखराकडे. म्हणजे रात्रीला हजार मीटर. गिर्यारोहण-वैद्यकाचा आज सर्वमान्य असलेला संकेत सांगतो की, ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावे. पत्रक त्याच्या दुप्पट वेगाने चढते. शिवाय झोपायला खाटा, छप्पर, रुळलेली पायवाट, म्हणून हीच वाट ‘सोपी’ म्हणून विकली जाते!

लेमोशोची आठ दिवसांची योजना अशीच मांडून पाहा: पहिली रात्र २,७००च्या आसपास जंगलात, मग ३,५००, ३,८५०, ३,९५०, ४,०००, ४,६५०. इथेही पहिली आणि शेवटची उडी संकेताबाहेर जातेच. पण मधल्या तीन रात्री जवळजवळ एकाच पातळीवर जातात. त्यातल्या एका दिवशी ४,६०० मीटरवरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढून पुन्हा बारांकोच्या दरीत झोपायला उतरायचे असते. कमावलेली उंची घालवली म्हणून नवखे चरफडतात. दिवस कारणी लागलेला असतो तो त्याच उतारामुळे.

मग लोक पाच दिवस का निवडतात? राष्ट्रीय उद्यानाचे शुल्क माणशी, दिवसाच्या हिशेबाने, डॉलरमध्ये भरावे लागते. प्रत्येक जादा दिवसाला वाटाडे, स्वयंपाकी, हमाल यांची मजुरी वाढते. त्यात कचेरीची रजा एका आठवड्याची. थोडक्यात, स्वस्त योजना नेमकी तिथेच कात्री लावते जिथे मूत्रपिंडांना वेळ हवा असतो.

हान्स मायरला हे शरीरशास्त्र ठाऊक नव्हते, तरी आखणीची मेख सापडली होती. १८८७ चा त्याचा प्रयत्न फसला होता. १८८९ मध्ये त्याने वाटेवर टप्प्याटप्प्याने तळ टाकले आणि हमालांकरवी तिथे शिधा पोहोचत ठेवला, म्हणजे एक चढाई हुकली तरी पायथ्याला परतायला नको. ३ ऑक्टोबरला तो आणि लुडविग पुर्टशेलर विवराच्या कडेपर्यंत पोहोचले, थकून मागे फिरले, आणि ६ ऑक्टोबरला शिखरावर गेले. आजच्या पत्रकात मात्र शिखरासाठी एकच रात्र असते, ती हुकली की संपले.

त्या रात्रीबद्दल एवढेच, की मागे फिरण्याचे नियम खाली असतानाच, डोके शाबूत असताना ठरवावेत. डोकेदुखी, मळमळ असेल तर वर चढायचे नाही. बसल्या जागी धाप लागली, किंवा टाचेला बोट लावत सरळ रेषेत चालता आले नाही, तर ताबडतोब खाली, रात्र असली तरी. पहिले फुप्फुसात पाणी भरत असल्याचे लक्षण, दुसरे मेंदूला सूज आल्याचे. दोन्हींत काही तासांत माणूस जाऊ शकतो. वाटाड्याचा शब्द शेवटचा. ‘पोले पोले’ म्हणजे हळूहळू, हा त्याचा स्वाहिली मंत्र पर्यटकांनी टी-शर्टवर छापून घेतला आहे, पाळतात कमी.

पाहुण्यामागे दोन-तीन हमाल असतात. एकाने २० किलोपेक्षा जास्त ओझे वाहू नये असा नियम आहे, उद्यानाच्या दरवाजावर वजन होते. उंची त्यांनाही बाधते. आपल्यासारखे नवे बूट आणि पिसांची जाकिटे सर्वांकडे नसतात. हमालांना दिवसाला जेवणे किती, तंबूत माणसे किती, मजुरी रोख हातात पडते का, हे पैसे भरण्याआधी विचारावे. उत्तर टाळणारी संस्था मी तरी टाळेन.

गेल्या पावसाळ्यात नाशिककडच्या पाच जणांच्या एका गटाने त्यांचे पत्रक मला दाखवायला आणले. मारांगू पाच दिवस, त्याला जोडून तीन दिवस सिंह-जिराफांची सहल. मी समासात आकडे लिहून दिले. दोघांनी लगेच मान हलवली. तिसरा म्हणाला, ‘काका, आम्ही कळसूबाई पावणेदोन तासांत करतो.’ वाद आठवडाभर चालला. शेवटी सहल गेली आणि लेमोशोचे आठ दिवस आले. वाढीव खर्च पाच जणांत वाटून घेतला. येत्या जानेवारीत, कोरड्या हंगामात, ते निघतील. पावणेदोन तासवाल्याला त्यांनी सर्वांत मागे, शेवटच्या वाटाड्याबरोबर चालायला लावायचे ठरवले आहे.