शुद्ध ॲल्युमिनियम : मऊपणाचे मोल

स्वयंपाकघरातले हलके पातेले आणि उंच मनोऱ्यांच्या आधाराने शेते व नद्या ओलांडणारी विजेची तार, या दोहोंत वरकरणी काही नाते दिसत नाही. परंतु दोहोंचा धातू बहुधा एकच असतो : ॲल्युमिनियम, आणि तेही जवळजवळ शुद्ध. महाराष्ट्रात खेडोपाडी ज्याला ‘जर्मन’ म्हणत आले, तोच हा धातू.

पृथ्वीच्या कवचात सर्व धातूंमध्ये त्याचाच साठा मोठा. पण तो ऑक्सिजनला असा घट्ट बिलगलेला असतो की, त्याला मोकळे करणे फार काळ दुष्कर होते. 1884 साली वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभावर ॲल्युमिनियमचे टोक बसविले, तेव्हा त्याचे मोल चांदीच्या जवळपास होते. 1886 साली अमेरिकेत हॉल व फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकमेकांच्या नकळत, वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवून त्यातून वीज सोडण्याची रीत शोधली आणि हा धातू स्वस्त झाला. भारतात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासच्या कलाशाळेत त्याची भांडी घडविण्यास आरंभ केला.

व्यापारात ‘शुद्ध’ म्हणजे शंभर टक्के नव्हे. निदान 99 टक्के ॲल्युमिनियम असले की पुरे. उरलेल्या अंशात मुख्यतः लोह आणि सिलिकॉन असतात. तारांसाठी 99.5 टक्के शुद्धता घेतात, कारण परक्या द्रव्यांचा अंश वाढला की विजेला अडथळा वाढतो. सारख्याच जाडीच्या तांब्याच्या तारेच्या तुलनेत या तारेची वाहकता सुमारे 61 टक्के; पण वजन एक-तृतीयांशाहूनही कमी. वजनास वजन लावले, तर ॲल्युमिनियम तांब्याच्या दुप्पट काम देते.

मग उणीव कोठे? बळात. मऊ केलेल्या शुद्ध पत्र्याची ताणशक्ती साध्या पोलादाच्या सुमारे एक-चतुर्थांश भरते. तापवून पाण्यात बुडविल्याने तो कठीण होत नाही. ठोकून वा लाटून होतो, आणि सुमारे 350 अंश सेल्सियसपर्यंत तापविला की पुन्हा मऊ पडतो. पण हाच मऊपणा कारागिराच्या पथ्यावर पडतो. गोल चकतीतून सांध्यावाचून खोल डेचकी निघते. औषधी गोळ्यांच्या वेष्टनासाठी कागदाहून पातळ पत्रा लाटता येतो.

जेथे बळ हवे, तेथे त्याला सोबती देतात. लांब पल्ल्याच्या तारेत गाभा पोलादाचा असतो : ताण पोलाद सोसते, वीज ॲल्युमिनियम वाहते. विमानाचा मजबूत पत्रा तांबे मिसळलेल्या मिश्रधातूचा. पण तो लवकर झिजतो, म्हणून त्याच्या दोन्ही अंगांवर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवितात. येथे दुर्बळच बलवंताचे रक्षण करतो.

या रक्षणाचे रहस्य असे : हवा लागताच ॲल्युमिनियमवर ऑक्साइडची अदृश्य साय धरते आणि खालचा धातू सुरक्षित राहतो. ही साय ओरखडा पडला तरी पुन्हा धरते. मात्र आम्ल व क्षार यांपुढे तिचे चालत नाही. म्हणून चिंचेची आमटी, आमसुलाचे सार किंवा लोणचे अशा भांड्यात ठेवू नये, आणि ते धुण्याच्या सोड्याने घासू नये. विजेच्या जोडणीत तर हीच साय अडसर ठरते, कारण ती वीज वाहू देत नाही. शिवाय स्क्रूच्या दाबाखाली मऊ तार हळूहळू दबते, सांधा सैल होऊन तापतो आणि आगीचा धोका संभवतो. त्यासाठी ॲल्युमिनियमला योग्य असेच जोड वापरावे लागतात.

एक किलोग्रॅम नवा धातू काढण्यास केवळ विद्युत्-विघटनासाठीच तेरा ते पंधरा युनिट वीज खर्ची पडते. जुने भांडे वितळवून तोच धातू मिळविण्यास एकूण शक्ती लागते ती नव्याच्या सुमारे पाच टक्केच. मोडीत निघालेले पोचट पातेले म्हणूनच टाकाऊ नव्हे; त्यात एकदा खर्चिलेली वीजच जणू साठवून ठेवलेली असते.