अस्वलाचं पित्त आणि मीटरभर लांब पेशी

पायाचा अंगठा हलवणारी चेतापेशी राहते पाठीच्या कण्यात. तिचं अंग सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसायचं नाही, पण तिचा तंतू थेट पावलापर्यंत जातो, जवळजवळ मीटरभर! एवढ्या लांबवर रसद पोचवता पोचवता पेशीची दमछाक होत असणार. एएलएस या आजारात अशाच पेशी एकामागून एक मरतात. हातपाय जातात, गिळणं जातं, शेवटी श्वास. १९९५ साली मान्यता मिळालेलं रिलुझोल मरण दोन-तीन महिने लांबवतं, बस.

२०१३ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात जोश कोहेन आणि जस्टिन क्ली हे दोन विद्यार्थी वेगळा विचार करत होते. बिघडलेली प्रथिनं साचली की पेशीतली प्रथिनं घडवणारी आंतर्द्रव्यजालिका मरणाचा इशारा देते. ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रियाही देतात. मग दोन्ही वाटा एकदमच का अडवू नयेत? त्यांनी जोडी जमवली तीही अजब. एक औषध रक्तात अमोनिया साचणाऱ्या जन्मजात विकारावरचं, जुनंच. दुसरं म्हणजे अस्वलाच्या पित्तात मुबलक सापडणारं आम्ल. हे पित्त चिनी वैद्य शतकानुशतकं वापरत आलेत.

गुण आला की नाही, हे ठरवायचं कसं? बोलणं, लिहिणं, जिना चढणं, अंथरुणात कूस बदलणं अशा बारा गोष्टींना प्रत्येकी चार, एकूण ४८ गुण. १३७ रुग्णांच्या २४ आठवड्यांच्या चाचणीत नकली औषध घेणाऱ्यांचे महिन्याला १.६६ गुण गेले, जोडी घेणाऱ्यांचे १.२४. फरक अर्ध्या गुणाहूनही कमी, पण एक गुण गेला म्हणजे कुणाच्या तरी हातातलं पेन सुटलेलं असतं. चाचणीतले बहुतेक जण रिलुझोल किंवा एडाराव्होन हे एएलएसवरचं दुसरं औषध आधीपासूनच घेत होते, म्हणजे खरी परीक्षा त्या औषधांवर जोडीची भर घालून काय होतं याची होती. पण जोडीतली दोन्ही औषधं वेगवेगळी देऊन पाहणारे गट नव्हतेच. त्यामुळे गुण जोडीचा की एकाचा, हे या चाचणीतून कळणं शक्य नव्हतं.

सप्टेंबर २०२२मध्ये अमेरिकेने या जोडीला ‘रेलिव्हरिओ’ या नावाने मान्यता दिली. मग ६६४ रुग्णांवर ४८ आठवड्यांची मोठी चाचणी झाली आणि तिच्यात तो फरक उरलाच नाही.

हे औषधाचं अपयश. चाचणीने मात्र आपलं काम चोख केलं, असं मला वाटतं. एप्रिल २०२४मध्ये ते बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच औषध बाजारातून मागे घेतलं.