एक ‘चा’ आणि इंग्रजीतल्या अनेक वाटा

नांदेड-लातूरकडच्या मुलांच्या इंग्रजीच्या वह्या तपासताना एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. मुलगा स्पेलिंग बरोबर लिहितो, क्रियापदही नीट योजतो. पण नामापुढचं लहानसं शब्दयोगी अव्यय आलं की अडखळतो. असं का व्हावं?

आपण म्हणतो : पावसाची गरज, तुरीची मागणी, प्रश्नाचं उत्तर, औशाचा रस्ता. चारही ठिकाणी एकच ‘चा-ची-चं’. 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात आपले वाडवडील उर्दूतून शिकले. तिथला ‘का-की-के’ही असाच सगळीकडे चाले. म्हणून मूल सरसकट ‘ऑफ’ लिहून मोकळं होतं. इंग्रजी मात्र म्हणते : नीड फॉर रेन, डिमांड फॉर तूर, आन्सर टू द क्वेश्चन, रोड टू औसा.

याचं मर्म असं : इंग्रजीत हे अव्यय बहुधा आधीचं नाम ठरवतं. ‘रीझन’ आणि ‘कॉज’ दोन्हींचा अर्थ कारण. पण गैरहजेरीचं कारण ते ‘रीझन फॉर’, आगीचं कारण ते ‘कॉज ऑफ’. कधी अर्थही पाहावा लागतो. शेतीची आवड म्हणजे ‘इंटरेस्ट इन’ आणि कर्जावरचं व्याज म्हणजे ‘इंटरेस्ट ऑन’. आणखी एक खूण ध्यानात ठेवा. ‘आन्सर’ क्रियापद असेल तर पुढं काही लागत नाही, ‘आन्सर द क्वेश्चन’. तेच नाम झालं की ‘टू’ हवं.

एवढ्याशा शब्दानं काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. समजा, पाण्यासाठी अर्ज लिहायचा आहे. ‘ग्रामपंचायतीची तक्रार’ म्हणजे पंचायतीनं केलेली, की पंचायतीविरुद्ध? मराठीत आपण संदर्भानं ओळखतो. इंग्रजीत ‘कम्प्लेंट अगेन्स्ट’च्या जागी ‘कम्प्लेंट फ्रॉम’ लिहिलंत, तर ज्यांच्यावर तक्रार, तेच तक्रारदार होऊन बसतील!

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एवढंच सुचवतो : फळ्यावर नाम कधी एकटं लिहू नका. ‘डिमांड फॉर’, ‘आन्सर टू’ अशी जोडीच लिहा आणि तिच्यावर गावातलंच एक वाक्य करून घ्या. रोज दोन जोड्या झाल्या, तरी वर्षाकाठी मुलाचा हात अर्ज लिहिताना थांबणार नाही.