भूमिका-खेळ, सायबरपंक

संगणकजालाने एकमेकांशी जोडलेल्या खेळाडूंनी एका कल्पित भविष्यकालीन नगरातील पात्रांच्या भूमिका घेऊन खेळावयाचा सामूहिक खेळ. यात पूर्वलिखित संहिता नसते आणि बुद्धिबळाप्रमाणे शेवटची खेळीही नसते. खेळाडू आपल्या पात्राचे बोलणे व कृती लिहून मांडतो. इतर खेळाडू आपापल्या पात्रांद्वारे प्रतिसाद देतात आणि त्यातून कथा घडत जाते. असे खेळ पुष्कळदा वर्षानुवर्षे चालतात. त्यामुळे त्यांच्याभोवती खेळाडूंचा एक समुदाय तयार होतो आणि खेळाच्या नियमांइतकाच समुदायाच्या कारभाराचा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

उगम व विकास : गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकन रचनाकारांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो मेजाभोवती बसून खेळला जाई. फाशांच्या साहाय्याने निर्णय होत व सूत्रधाराचा शब्द अखेरचा असे. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ याने ‘मड’ हा अनेकांनी एकाच वेळी खेळावयाचा संगणकीय खेळ रचण्यास प्रारंभ केला व पुढे रिचर्ड बार्टल याने तो वाढविला. यात चित्रे नव्हती. सर्व वर्णन शब्दांतच असे. जेम्स ॲस्पनेस याच्या ‘टायनीमड’ (१९८९) मध्ये खेळाडूंना स्वतः नव्या जागा व वस्तू निर्माण करण्याची मुभा मिळाली. त्यातून निघालेल्या ‘मश’ व ‘मू’ या प्रकारांत लढाईपेक्षा संभाषण व भूमिका यांना प्राधान्य आले.

सायबरपंक आशय : ‘सायबरपंक’ हे नाव ब्रूस बेथके याच्या १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कथेच्या शीर्षकावरून रूढ झाले. विल्यम गिब्सन याच्या ‘न्यूरोमॅन्सर’ (१९८४) या कादंबरीने या साहित्यप्रकाराला निश्चित रूप दिले. प्रगत तंत्रविद्या व हीन जीवनमान यांचे सहअस्तित्व, शासनाहून बलाढ्य झालेल्या कंपन्या आणि त्यांच्या छायेत जगणारी माणसे हे त्याचे मुख्य विषय होत. माइक पाँडस्मिथ याने १९८८ मध्ये ‘सायबरपंक’ हा मेजावरील खेळ प्रसिद्ध केला; पुढील वर्षी ‘शॅडोरन’ आला. पाँडस्मिथच्या खेळात शरीरात यंत्रे बसविली की पात्राचे सामर्थ्य वाढते, पण त्याची माणुसकी घटते. अशा साध्या हिशेबी नियमातूनही खेळाचा आशय व्यक्त होऊ शकतो. १९९० नंतरच्या दशकात सुरू झालेला ‘सिंडोम’ हा ‘मू’ पद्धतीचा सायबरपंक खेळ या परंपरेतील होय.

जगाची रचना : शब्दाधिष्ठित खेळातील नगर हे परस्परांना जोडलेल्या खोल्यांचे असते. रस्ता, दुकान, जिना या सर्व संगणकाच्या दृष्टीने खोल्याच. नवा रचनाकार प्रायः अतिविस्तृत नगर उभारतो. परंतु वीस खेळाडू पाचशे खोल्यांत विखुरले, तर कोणाची कोणाशी गाठ पडत नाही. म्हणून खानावळ, बाजार, दवाखाना अशी प्रत्येकास जावे लागेल अशी मोजकी ठिकाणे आवश्यक असतात. आर्थिक विषमता केवळ वर्णनात असून भागत नाही. घरभाडे, औषधे व शस्त्रे यांच्या किमतींत ती जाणवली पाहिजे. संगणकभेद करणाऱ्या पात्राची अडचण वेगळी असते. ते एकटेच यंत्रजालात वावरते व सोबती ताटकळत राहतात. भेद करण्यासाठी त्याला विशिष्ट इमारतीत जावे लागेल असा नियम केल्यास सोबत्यांनाही कार्य मिळते.

खेळाडूंचे प्रकार : बार्टल याने १९९६ मध्ये खेळाडूंचे चार वर्ग सांगितले व त्यांना पत्त्यांची चिन्हे दिली. संपत्ती व यश मिळविणारे ते चौकट, जग धुंडाळणारे ते इस्पिक, स्नेहसंबंध जोडणारे ते बदाम आणि इतरांवर हल्ला करणारे ते किलवर. एका वर्गाची वाढ दुसऱ्यावर परिणाम करते. किलवर वाढले की बदाम खेळ सोडून जातात. सायबरपंक जगात हिंसा व फसवणूक गृहीतच असल्याने हा तोल सांभाळणे विशेष कठीण असते.

संचालन : पात्र व खेळाडू यांतील भेद हे संचालनाचे मूलतत्त्व होय. खेळाडूला कळलेली गोष्ट पात्राला ठाऊक असतेच असे नाही. तसेच पात्रांमधील वैर खेळाडूंमध्ये उतरता कामा नये. यासाठी भूमिकेबाहेर बोलण्याची स्वतंत्र सोय, अत्याचारासारख्या प्रसंगांना संबंधितांची पूर्वसंमती आणि तक्रारींची लेखी नोंद हे उपाय योजतात. संचालकांची स्वतःची पात्रे असल्यास पक्षपाताचा संशय येतो. म्हणून आपल्या पात्राशी संबंधित प्रकरणाचा निर्णय त्यांनी स्वतः करू नये, हा नियम हितावह ठरतो.

हा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे पुढे आला तो ‘लॅम्डामू’ या सायबरपंक नसलेल्या समुदायात. पाव्हेल कर्टिस याने तो १९९० मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रातून सुरू केला. डिसेंबर १९९२ मध्ये त्याने जाहीर केले, की ‘विझार्ड’ म्हणजे सर्वाधिकार असलेले संचालक यापुढे केवळ तांत्रिक कामे पाहतील. काही महिन्यांतच, १९९३ मध्ये, एका खेळाडूने इतरांच्या पात्रांकडून त्यांच्या इच्छेविरुद्ध लैंगिक अत्याचाराच्या कृती घडल्याचे भासविले. खेळाडूंची सभा भरली, पण निर्णय होईना. शेवटी एका विझार्डने एकट्याच्या अधिकारात त्याला काढून टाकले. यानंतर कर्टिसने विनंतिअर्ज व मतदान यांची पद्धत आणली. मात्र तांत्रिक व सामाजिक निर्णय वेगळे करता येत नाहीत, असे सांगून १९९६ मध्ये विझार्डांनी सामाजिक निर्णयांचा अधिकार पुन्हा स्वतःकडे घेतला.

खेळाडूंच्या खाजगी मजकुराचे रक्षण हीही संचालकाची जबाबदारी असते. १ मार्च १९९० रोजी अमेरिकेच्या गुप्तसेवा विभागाने ऑस्टिन येथील स्टीव्ह जॅक्सन गेम्स या प्रकाशनसंस्थेवर छापा घातला. सायबरपंक खेळाच्या एका पुस्तकाचा मसुदा व खेळाडूंचा खाजगी पत्रव्यवहार असलेला संगणक त्यात जप्त झाला. १९९३ मध्ये न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला व तिला भरपाई मिळाली.

मूल्यमापन : संगणकाची आज्ञावली काय शक्य आहे एवढेच ठरविते, काय योग्य आहे हे माणसांनाच ठरवावे लागते. ज्याच्या हाती यंत्राची किल्ली, त्याच्याकडे सत्ताही असते आणि ती नाकारल्याने जबाबदारी टळत नाही. उत्तरदायित्व नसलेल्या सत्तेचे चित्रण करणाऱ्या या खेळांचे यश त्यांच्या संचालकांची सत्ता किती उघड व किती उत्तरदायी आहे, यावर अवलंबून असते.