गिटार आपल्या घरी, आवाज शेजारच्या घरी!

मुलाला इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली की आपले काम झाले, असे पालकांना वाटते. पण ही गिटार नुसती वाजवली तर तारांची किणकिण फार तर वाजवणाऱ्यालाच ऐकू येते. तारांखालचे चुंबकीय पिकअप कंपनांचे विजेच्या क्षीण लहरींत रूपांतर करतात. आवाज निघतो तो अँप्लिफायरमधून. थोडक्यात, अर्धे वाद्य अजून दुकानातच असते.

ते आणायला मुंबईत धोबीतलावला जा की आणखी कुठे, पहिला प्रश्न ठरलेला, 'किती वॅटचा?' इथेच बहुतेक जण फसतात. 20 वॅटचा अँप्लिफायर 10 वॅटच्या दुप्पट मोठा वाजत नाही. वॅट दुप्पट केले की आवाज जेमतेम 3 डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला वॅट सुमारे दहापट लागतात. दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये 10 वॅट पुरून उरतात. त्यापेक्षा स्पीकर पाहावा. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सुमारे 82 हर्ट्‌झचा. तीन-चार इंची स्पीकरमधून तो अगदीच पातळ येतो. 8 इंची असला तर वाजवणाऱ्याला उमेद येते.

हेडफोनची सोय मात्र हवीच. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे, आणि आपले साधे बोलणेही त्याहून मोठे असते!

व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचे जाणकार फार कौतुक करतात. ते खोटे नाही, पण ती गोडी बहुधा मोठ्या आवाजातच खुलते. शिवाय आत काहीशे व्होल्टचा दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही तो काही वेळ टिकू शकतो. शिकाऊ मुलाला ट्रान्झिस्टरचा किंवा डिजिटल बरा.

अमेरिकेतल्या मामाने प्रेमाने आणलेला अँप्लिफायर लगेच भिंतीच्या प्लगला लावू नये. तिकडची वीज 120 व्होल्टची, आपली 230. मागची पट्टी आधी वाचावी. तिच्यावर फक्त 120 असेल तर योग्य क्षमतेचा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल.

त्याहून गंभीर बाब अर्थिंगची. प्लग बसत नाही म्हणून तिसरी जाड पिन काढून टाकणारे महाभाग घरोघरी असतात. गिटारच्या तारा सहसा अँप्लिफायरच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात, म्हणजे वाजवणाऱ्याची बोटेही. 1972 मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस हार्वे भर कार्यक्रमात, अर्थिंग नीट नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून शॉकने दगावला. खोलीतल्या सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. त्याचे पैसे गिटारच्या खर्चातच धरावेत.

अँप्लिफायरमधून घूंऽऽ असा आवाज येत असेल तर लगेच दुरुस्तीला नेऊ नका. ट्यूबलाइट बंद करा, पंख्याच्या रेग्युलेटरपासून दूर बसा. पुष्कळदा तेवढ्यानेच तो कमी होतो. अँप्लिफायर जमिनीवर ठेवला तर आवाज वाजवणाऱ्याच्या पायांशी जातो आणि मूल बटण वाढवत राहते. तो कानाच्या उंचीच्या जवळ, एखाद्या स्टुलावर ठेवावा. स्टुलाखाली जाड सतरंजीची चौपदरी घडी घालावी, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला हादरे कमी बसतील.