मागें जाण्याची वाट

गेल्या वर्षीं आमचा एक वर्गमित्र संगणकावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरीत असतां आम्ही शेजारीं बसलों होतों. पांचव्या पानावर येतांच जन्मतारीख चुकल्याचें त्याच्या ध्यानांत आलें. त्यानें 'मागें' हें बटण दाबलें, तों पहिलीं चारी पानें कोरीं! मुदतीचा तो शेवटचा दिवस. सर्व मजकूर पुन्हां भरीपर्यंत रात्रीचे अकरा वाजले. दोष मित्राचा नव्हे, रचनाकाराचा, असें आमचें मत आहे.

एकामागून एक पान दाखवून काम पुरें करून घेणाऱ्या रचनेस 'विझर्ड', म्हणजे जादूगार, असें नांव आहे. मायक्रोसॉफ्टच्या 'पब्लिशर'मध्यें ती १९९१ सालीं आली. पानाच्या तळाशीं 'मागें', 'पुढें' व 'रद्द' हीं बटणें असतात; शेवटीं 'पुढें'च्या जागीं 'समाप्त' येतें. पहिल्या पानावर 'मागें' नुसतें फिकें करितात, काढून टाकीत नाहींत. कारण बटणांनीं जागा बदलली कीं संवयीनें जाणारा हात चुकतो. २००७ सालीं बाजारांत आलेल्या 'विंडोज व्हिस्टा'नें तें बाण करून वरच्या डाव्या कोपऱ्यांत नेलें. ब्राउझरमुळें लोकांची नजर तेथेंच वळूं लागली होती.

बटण कोठेंही असो, त्यानें भरलेला मजकूर पुसतां कामा नये. प्रत्येक 'पुढें'सरशी उत्तरें जतन करावीं आणि मागें येणारास तीं जशींच्या तशीं दाखवावीं. वाट जेथें फुटते तेथें खरी कसोटी. 'वसतिगृहांत राहतां काय?' यास 'होय' म्हटल्यास वसतिगृहाचें पान येतें. मागें जाऊन 'नाहीं' केलें, तर तेवढेंच पान गळावें. पुढें भरलेल्या गुणांस धक्का लागूं नये.

जेथून परतणें नाहीं त्या पानावर मात्र 'पुढें' असें मोघम लिहूं नये. 'अर्ज पाठवा' असें स्पष्ट लिहावें. त्यापूर्वीं सर्व उत्तरें एकत्र दाखविणारें एक पान हवें. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळांवर अशा पानांत प्रत्येक उत्तरासमोर 'बदला' असा दुवा असतो. चूक सुधारली कीं मधलीं पानें पुन्हां न तुडवितां माणसास थेट त्याच पानावर आणून सोडावें. आमच्या मित्राच्या अर्जांत एवढी सोय असती, तर जन्मतारखेचा एक आंकडा बदलून तो वेळेवर जेवावयास बसला असता.